आधी बॉल बदला, मग रॅकेट: लहान मुलांच्या टेनिसचं साहित्य सोलापुरात कसं जमवायचं

सात वर्षांच्या मुलाची उंची साधारण 120 सेंटीमीटर असते आणि कंबर जमिनीपासून 70 सेंटीमीटरच्या आसपास. नेहमीचा पिवळा बॉल 254 सेंटीमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर 135 ते 147 सेंटीमीटर उसळतो, म्हणजे या मुलाच्या डोक्याच्याही वर जातो. मोठ्या माणसाला जो बॉल कंबरेला येतो, तो या पोराला खांद्यावर किंवा कपाळावर येतो. मग ते काय करणार? मागे मागे सरकत कुंपणाला टेकतं, नाहीतर मनगट खाली फिरवून, रॅकेटचं तोंड झाकून खांद्याच्या उंचीवर बॉल ढकलतं. त्या उंचीवर दुसरं काही जमत नाही, म्हणून हात आपोआप वेस्टर्न ग्रिपवर, म्हणजे तळवा दांड्याच्या खाली जाणाऱ्या पकडीवर, जातो आणि तिथेच बसतो. पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी व्हॉली (टप्प्याआधीच मारायचा फटका) आणि स्लाइस (बॉल खालून कापत मारायचा फटका) शिकवायला घेतले की हीच ग्रिप आडवी येते. कोच आणि मूल दोघंही वर्षभर ती सवय मोडण्यात घालवतात.

म्हणून साहित्य बदलायचं तर सुरुवात बॉलपासून करावी, त्यानंतर कोर्ट आणि नेट, आणि शेवटी रॅकेट. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. सोलापुरात आयटीएफच्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. कोर्टाच्या कडेला बसून ते टेनिस पाहिलेल्या पोराला तीच रॅकेट आणि तोच बॉल हवा असतो. पालकही हौसेनं महागडी रॅकेट आणतात आणि बॉल मात्र मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेले वापरतात. त्यापेक्षा साधी रॅकेट आणि योग्य बॉल असेल तर मूल महिन्याभरात रॅली करू लागतं, म्हणजे बॉल सलग इकडून तिकडे मारत राहतं. महागडी रॅकेट आणि चुकीचा बॉल असेल तर वर्षानंतरही ते बॉल गोळा करण्यातच दमलेलं असतं.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं, म्हणजे आयटीएफनं, हे तीन पायऱ्यांत बांधून दिलंय. जानेवारी 2012 पासून 10 वर्षांखालच्या स्पर्धांत साधा पिवळा बॉल चालतच नाही. पहिली पायरी लाल बॉलची. तो 7 ते 8 सेंटीमीटर व्यासाचा, 36 ते 49 ग्रॅम वजनाचा असतो आणि साध्या बॉलपेक्षा सुमारे 75 टक्के संथ. आकार मोठा आणि वजन कमी असल्यामुळे हवाच त्याला अडवते. मुलाला तो येताना नीट दिसतो आणि पाय लावायला वेळ मिळतो. याचाच स्पंजचा प्रकार 8 ते 9 सेंटीमीटरचा, 25 ते 43 ग्रॅमचा. दुसरी पायरी नारंगी बॉलची, 36 ते 46.9 ग्रॅम, 50 टक्के संथ. तिसरी हिरव्या ठिपक्याच्या बॉलची, 47 ते 51.5 ग्रॅम, 25 टक्के संथ. साधा बॉल 56 ते 59.4 ग्रॅमचा. लाल साधारण पाच ते आठ वर्षांसाठी, नारंगी आठ ते दहासाठी आणि हिरवा त्याच्या पुढे. पण वय हा फक्त अंदाज आहे. नऊ वर्षांचं मूल पहिल्यांदाच रॅकेट धरत असेल तर त्यालाही लालच द्या. "सर, हा बारक्या पोरांचा बॉल आहे" अशी तक्रार येते. त्याला त्या बॉलवर सलग वीस फटक्यांची रॅली करायला सांगा, तक्रार बंद होते.

खेळाच्या दुकानात नुसतं "टेनिस बॉल द्या" म्हटलं की नव्वद टक्के वेळा क्रिकेटचा टेनिस बॉल हातात पडतो. त्यात लाईट आणि हेवी असे प्रकार येतात, आणि दोन्ही इथे निरुपयोगी. हेवी तर लहान मुलाच्या मनगटाला सरळ सरळ त्रासदायक. मागताना "ज्युनिअर टेनिसचा रेड बॉल, स्टेज थ्री" असं सांगा. आयटीएफचे स्टेज उलटे मोजतात, म्हणून पहिल्या पायरीचा लाल बॉल स्टेज थ्री ठरतो. दुकानात नसेल तर ऑनलाइन मागवा आणि चार पालकांनी मिळून एक पिशवी घ्या. आठ मुलांच्या बॅचला दोन डझन लाल बॉल पुरतात.

आता सगळ्यात जास्त चालणारी पळवाट. जुना, मेलेला पिवळा बॉल लाल बॉलच्या जागी वापरतात. काही जण तर नव्या बॉलला दाभणानं भोक पाडून हवा काढतात. बॉल कमी उसळतो, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. पण वजन कुठे कमी झालंय? तो अजून 56 ग्रॅमच्या आसपासच आहे. 190 ग्रॅमची छोटी रॅकेट घेतलेल्या मुलानं तो जरा कडेला मारला की रॅकेट हातात फिरते. मग मूल मूठ आवळून धरतं, कोपर ताठ करतं आणि फटका खांद्यातून ढकलू लागतं. शिवाय मेलेला बॉल टप्प्यानंतर घसरत येतो, तर लाल बॉल टप्प्यानंतर हळू वर येऊन क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. मुलाला शिकायचंय ते त्या क्षणात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हिरवे बॉल मिळेपर्यंत थोडे वापरलेले पिवळे चालतील, त्याहून लहानांना नकोत.

बॉल नेमका कोणत्या पायरीचा उरलाय हे तपासायला भिंत, खडू, टेप आणि मोबाइल एवढंच लागतं. गुळगुळीत काँक्रीटची जागा निवडा, फरशीचा तुकडा हलणारा नको. भिंतीवर जमिनीपासून 254 सेंटीमीटरवर रेघ मारा, आणि खाली 90, 105, 120, 135 अशा चार रेघा. स्टुलावर उभं राहून बॉलचा तळ वरच्या रेघेला लावा आणि नुसता सोडा. ढकलायचा नाही, फिरवायचा नाही. दुसऱ्यानं मोबाइल स्लो मोशनवर ठेवून शूट करायचं, आणि मोबाइल ज्या रेघेचं माप घ्यायचं तिच्याच उंचीवर धरायचा. खालून किंवा वरून पाहिलं की आठ-दहा सेंटीमीटरची गफलत सहज होते. उसळीच्या टोकाला बॉलचा तळ कुठे आहे ते वाचा. लाल 90 ते 105, नारंगी 105 ते 120, हिरवा 120 ते 135. प्रत्येक बॉल तीनदा सोडा आणि मधला आकडा धरा. वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक-दोन ग्रॅमच्या फरकानं कळतं, तेवढं पुरे.

ही चाचणी सकाळी सातच्या आत करावी. प्रमाणित मोजमाप 20 अंशांच्या आसपास होतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा 42च्या वर जातो. तापलेल्या बॉलमधली हवा फुगते, रबर मऊ पडतं आणि तोच बॉल जास्त उसळतो. उन्हाळी शिबिरात संध्याकाळी पाचला तापलेल्या काँक्रीटवर नारंगी बॉल हिरव्यासारखा वागू लागला तर आश्चर्य नको. अशा वेळी एक पायरी खालचा बॉल काढावा. उलट प्रकार मुरमाच्या कोर्टवर होतो. पाणी मारून रोलर फिरवलेला मुरूम ठीक असतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण झाली की वरचा थर सुटा होतो, धूळ उडते आणि लाल बॉल गुडघ्याच्या वर येत नाही. मूल कमरेत वाकून बॉल उचलू लागतं. तिथे लालच्या ऐवजी नारंगी घ्या आणि कोर्ट मात्र छोटंच ठेवा. बॉलवर छापलेल्या रंगापेक्षा तो मुलाच्या कंबरेला येतो की नाही ते महत्त्वाचं.

कोर्ट आखणं त्या मानानं सोपं आहे, कारण मोठ्या कोर्टच्या पोटातच लहान कोर्ट दडलेलं आहे. लाल कोर्टची लांबी 10.97 मीटर आणि रुंदी 5.49 मीटर चालते. मोठ्या कोर्टवर डबल्सच्या, म्हणजे अगदी बाहेरच्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचं अंतर बरोबर 10.97 मीटर आहे, आणि बेसलाईनपासून (कोर्टच्या टोकाची रेघ) सर्व्हिस लाईनपर्यंत (नेटला समांतर आतली रेघ) बरोबर 5.49. म्हणजे नव्यानं एकही रेघ न मारता, आडवं खेळलं की लाल कोर्ट तयार. डबल्सच्या दोन कडा झाल्या दोन बेसलाईन, आणि बेसलाईन व सर्व्हिस लाईन झाल्या दोन कडा. तात्पुरतं नेट मधोमध, मोठ्या नेटला काटकोनात लावायचं. सर्व्हिस लाईन आणि मोठं नेट यांच्यामध्ये 6.40 मीटर उरतात. तिथे सर्व्हिस लाईनपासून 1 मीटर आणि नेटपासून अर्धा मीटर सोडलं तरी 4.90 मीटर रुंदीचं दुसरं लाल कोर्ट बसतं. नेटच्या दोन्ही बाजूंना असं केलं की एका कोर्टवर चार लाल कोर्ट होतात आणि सोळा मुलं एका वेळी खेळतात. एरवी हीच सोळा मुलं रांगेत उभी राहून सरांनी टाकलेल्या एका बॉलची वाट पाहतात.

एक गोष्ट मात्र आधी बघा. डबल्सच्या रेषेबाहेर मोकळी जागा किती आहे? आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी 3.66 मीटरची आणि क्लबच्या खेळासाठी 3.05 मीटरची शिफारस आहे, पण गावातल्या बऱ्याच कोर्टांवर तेवढी नसते. कुंपण दोन मीटरच्या आत असेल तर लाल कोर्ट आडवं टाकू नका, मागे सरकणारं मूल जाळीवर जाऊन आदळतं.

नारंगी कोर्ट मोठ्या कोर्टच्याच दिशेनं येतं, 18.29 मीटर लांब आणि 6.40 मीटर रुंद. दोन्ही बेसलाईन 2.74 मीटर आत घ्या, सिंगल्सच्या कडा प्रत्येकी 91 सेंटीमीटर आत. सर्व्हिस लाईन आणि नेट आहे तेच. नेट मध्ये 91.4 सेंटीमीटर असतं, ते नारंगीला चालतं. मुलं फारच लहान असतील तर मधला पट्टा ओढून 80 सेंटीमीटरपर्यंत आणा. हिरवा बॉल पूर्ण कोर्टवरच.

रेघांसाठी काँक्रीटवर खडू आणि मुरमावर चुना, याहून चांगलं काही नाही. जुन्या फ्लेक्सच्या पट्ट्या कापून टाकायची कल्पना सगळ्यांना सुचते, आणि त्यावरूनच मुलं घसरतात. धुळीच्या काँक्रीटवर फ्लेक्स म्हणजे साबणाची वडी. पट्ट्या हव्याच असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूब उभ्या चिरून, सपाट करून, हातभर लांबीच्या कापा. त्या जमिनीला चिकटून बसतात. कायमचा रंग मारायचा असेल तर मूळ पांढऱ्या रेघांपेक्षा फिका आणि बारीक मारा, आणि मूळ रेघेच्या चार बोटं अलीकडे थांबवा, म्हणजे मोठ्यांच्या खेळात गोंधळ होत नाही.

नेट मात्र घरी बनवण्यासारखं आहे, आणि ते नीट बनवलं तर दोन-तीन हंगाम टिकतं. एका नेटसाठी 5 सेंटीमीटर रुंदीची खाटेची नवार 8 मीटर, 1 इंची जीआय पाईपचे 1 मीटरचे दोन तुकडे, रंगाच्या 20 लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या आणि शेडनेटचा 6 मीटर लांब, पाऊण मीटर रुंद तुकडा एवढं घ्या. शेडनेट डाळिंब आणि द्राक्षबागांमुळे आपल्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मापानं कापून मिळतं, 50 टक्के सावलीचं घ्या. त्यातून वारा जातो, बॉल जात नाही. जुनी सोलापुरी चादर लावून बघू नका. ती वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि खांबांसकट नेट पाडते. वापरलेलं पक्षीजाळ मिळालं तर तेही उत्तम, फक्त त्याची कड नवारीला दाट शिवून घ्या.

पाईप बादलीच्या मधोमध उभा धरून आधी तळाला चार बोटं सिमेंट-खडीचं मिश्रण ओता आणि दोन दिवस पाणी मारून पिकू द्या. मग बादलीचा उरलेला भाग वाळूनं किंवा बारीक मुरमानं भरा. भरलेली बादली तीस किलोच्या आसपास जाते. पूर्ण काँक्रीट भरलं तर हलवायला दोन माणसं लागतात, वाळू मात्र ओतून टाकता येते. पाईपला जमिनीपासून 80 सेंटीमीटरवर खूण करा, तिथे भोक पाडून 8 मिलिमीटरचा नटबोल्ट बसवा आणि नवार त्यावर आवळा. पाईपच्या वरच्या तोंडात जुनी रबरी टोपी बसवा, उघडी धार डोळ्यांच्या उंचीवर येते.

चुकतं ते इथे. नवार ताणली की खांब आतल्या बाजूला झुकतात आणि मध्ये नेट 65-70 सेंटीमीटरवर येतं. मुलांना कळत नाही, पण त्यांचे फटके सपाट होत जातात. दोन्ही खांबांना बाहेरच्या बाजूनं दोरीचा ताण द्या, दोरीचं दुसरं टोक दहा किलो वाळूच्या पोत्याला बांधा, आणि नेटच्या मधोमध बरोबर 80 सेंटीमीटरची काठी टेकू म्हणून उभी करा. त्या काठीला गुंडाळायला टेरी टॉवेलची पट्टी वापरा, आदळलं तरी लागत नाही. पीव्हीसी पाईप घेऊ नका. उन्हात तो पंधरा दिवसांत धनुष्यासारखा वाकतो.

याच खांबांना 150 सेंटीमीटरवर एक सुतळी बांधली की फटक्याचं वळण शिकवायला वेगळं काही लागत नाही. नेटच्या वरून आणि सुतळीच्या खालून बॉल काढायचा. त्यासाठी पाईप दीड मीटरचे घ्यावे लागतील, ते आधीच ठरवा.

चार-पाच वर्षांच्या मुलांना अजून बॉलचा टप्पा ओळखता येत नाही. त्यांच्यासाठी टॉवेलच्या कारखान्यातून निघणाऱ्या टेरीच्या चिंध्या घट्ट गुंडाळून, जुन्या मोज्यात घालून, शिवून 8 सेंटीमीटरचे बॉल करा. फेकणं, झेलणं, रॅकेटवर अलगद अडवणं, सगळं यावर होतं. मोज्याचा पाय तसाच लांब ठेवला तर सर्व्हिसचा हात शिकवायला कामी येतो. मोज्याचं टोक धरून डोक्यामागून पुढे फेकायचं. कोपर खाली राहिलं की मोजा पाठीवर आपटतो, मुलाला आपोआप कळतं.

लटकता बॉलही उपयोगाचा. लाल बॉलला आरपार दोन भोकं पाडून 3 मिलिमीटरची नायलॉन दोरी ओवा, खाली वॉशर आणि गाठ. कडुनिंबाच्या फांदीला बांधून मुलाच्या कंबरेच्या उंचीवर आणि पुढच्या पायाच्या किंचित पुढे लटकवा. शिंप्याकडचं इलास्टिक वापरू नका, बॉल उलट तोंडावर येतो.

रॅकेटबद्दल थोडक्यात. मुलानं हात सरळ खाली सोडून रॅकेट हाताच्या रेषेत धरली की टोक जमिनीपासून दोन-चार सेंटीमीटर वर राहायला हवं. टेकलं तर रॅकेट लांब आहे. साधारण 112 सेंटीमीटर उंचीपर्यंत 21 इंची, 125पर्यंत 23 इंची, 140पर्यंत 25 इंची, मग 26. "दोन वर्षांनी उपयोगी पडेल" म्हणून मोठी घेणं हे बुटांत चालतं, रॅकेटमध्ये नाही. मोठ्यांची जुनी रॅकेट करवतीनं कापून आखूड करण्याचा उद्योगही करू नका. मूठ कापली की सगळं वजन डोक्याकडे उरतं आणि दांडा तेवढाच जाड राहतो. मोठ्या बहिणीची 25 इंची रॅकेटच हाताशी असेल तर दांड्यावर तीन बोटं वर रंगीत इन्सुलेशन टेपचा वेढा द्या आणि हात त्याच्या वर धरायला सांगा, काही महिने निभतं.

दांडा जाड वाटत असेल तर दांड्यावर गुंडाळलेली कंपनीची मूळ ग्रिप काढून फक्त एक ओव्हरग्रिप, म्हणजे वरून गुंडाळायची पातळ पट्टी, गुंडाळा. घामासाठी टेरीची पट्टी मोठ्या मुलांना चालते, लहानांच्या मुठीत ती जाड होते. ग्रिप, म्हणजे पकड, शिकवायला दांड्याच्या आठ कडांपैकी योग्य कडेवर पक्क्या मार्करचा ठिपका द्या. रॅकेट उभी, कडेवर धरली की वरची कड 1 नंबरची, आणि दांड्याच्या बुडाकडून पाहत घड्याळाच्या दिशेनं पुढे मोजायचं. उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या तर्जनीचं बुडखं 2 वर आलं तर काँटिनेंटल, 3 वर ईस्टर्न फोरहँड, 4 वर सेमी-वेस्टर्न. डावखुऱ्या मुलांना हेच 8, 7 आणि 6 असं उलट मोजायचं. हे विसरलं जातं, आणि डावखुरं मूल महिनाभर चुकीच्या ठिपक्यावर हात ठेवून खेळतं. तारा नायलॉनच्या, 40 ते 45 पाउंडांवर. पॉलिस्टरची तार या वयात नकोच.

पुढच्या बॉलवर कधी जायचं? बरोबरीच्या मुलासोबत दहा फटक्यांची रॅली सहज होते, सर्व्हिस डोक्यावरून मारली जाते आणि निम्म्या आत पडतात, एवढं झालं की आठवड्यातला एक दिवस वरचा बॉल द्या, मग दोन, मग सगळे. नवा फटका शिकवताना मात्र पुन्हा खालच्या रंगावर यायला काहीच हरकत नाही. बारा वर्षांच्या मुलीला बॅकहँड स्लाइस लाल बॉलवर जितक्या लवकर समजतो तितका पिवळ्यावर समजत नाही.

उन्हात बॉलवरचा रंग महिन्या-दोन महिन्यांत उडतो आणि लाल-नारंगी एकमेकांत मिसळतात. पक्क्या मार्करनं लालवर एक रेघ, नारंगीवर दोन रेघा ओढून ठेवा आणि पिशव्या वेगळ्या करा. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत त्या ठेवू नका. स्पंजचे बॉल पावसात भिजले तर पिळून सावलीत वाळवा, ओले असताना खेळलात तर खरखरीत काँक्रीट त्यांचे तुकडे पाडतं. महिन्यातून एकदा भिंतीवरच्या रेघांसमोर सगळे बॉल सोडून बघा. 105च्या खाली गेलेला नारंगी लालच्या पिशवीत टाकू नका, आकार वेगळा आहे. त्याला भोकं पाडा, दोरी ओवा आणि झाडाला टांगा.